अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांना कोणती मोजपट्टी लावावी?

अनुस्वार (धागालेखक)

विज्ञानकथेविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे पहिला दाखला दिला जातो तो खऱ्या ठरलेल्या कल्पनांचा. चंद्रावरची स्वारी आधी कादंबरीत झाली आणि मग प्रत्यक्षात, म्हणून हे साहित्य थोर, असा तो युक्तिवाद असतो. अद्भुतकथेला एवढाही आधार मिळत नाही, कारण उडता घोडा कधीच खरा ठरणार नसतो. मग तिची रवानगी मुलांच्या कपाटात होते. ही मोजपट्टीच मला चुकीची वाटते आणि तेवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

भाकिताचा मुद्दा आधी निकालात काढू. भूस्थिर उपग्रहांद्वारे जगभर संदेशवहन करण्याची कल्पना विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांच्या नावावर जमा आहे. परंतु ती त्यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकातल्या लेखात मांडली, कथेत नव्हे. ज्याला भाकीत करायचे असते त्याला कथेची गरज पडत नाही. त्याचे काम लेखात भागते. उलट मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये प्रेतांचे अवयव जोडून जिवंत प्राणी उभा केला आहे, आणि ते आजतागायत कोणाला साधलेले नाही. तरीही त्या कादंबरीची आठवण प्रत्येक मोठ्या शोधाच्या वेळी निघते, कारण स्वतःच जन्माला घातलेल्या जीवाकडे पाहून घाबरून पळ काढणारा निर्माता हा तिचा खरा विषय आहे आणि तो विषय जुना होत नाही.

उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी १९६९ सालची. तिला पुढे जोडलेल्या प्रस्तावनेत त्या सरळच सांगतात की भविष्य वर्तवणे हे कादंबरीकाराचे काम नाही. त्यांनी कल्पिलेल्या ग्रहावरची माणसे कायमची स्त्री किंवा कायमची पुरुष नसतात. महिन्यातल्या थोड्या दिवसांपुरते ती यांपैकी काहीतरी एक होतात, आणि दर खेपेस तेच होतील असेही नाही. पुढेमागे आपण असे होऊ, असा लेखिकेचा दावा नाही. एवढा एक नियम बदलला की राजकारण, घर, मैत्री, आपण ज्याला ‘स्वभाव’ म्हणतो तो भाग, यांपैकी काय गळून पडते आणि काय शिल्लक राहते, हे त्यांना पाहायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: या दोन्ही प्रकारांत लेखक जगाचा एक नियम बदलतो, बाकीचे नियम कसोशीने पाळतो, आणि त्यातून आपण एरवी गृहीत धरलेली एखादी गोष्ट उघडी पाडतो. तो बदल विज्ञानाच्या नावाने केला की मंत्राच्या, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

धूमकेतू

दुय्यम हा शब्द मला मान्य नाही. मंत्र कोणाच्या हाती चालतो आणि कोणाच्या हाती चालत नाही. गुरुत्वाकर्षण मात्र राजा आणि रंक पाहत नाही. निसर्गाचा नियम विनवण्यांनी बधत नाही, हे वाचकाच्या अंगी बाणवणे हाच मला विज्ञानकथेचा हेतू वाटतो. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही १९५४ सालची कथा पाहा. दूरच्या ग्रहावर औषध घेऊन निघालेल्या छोट्या यानात भावाला भेटण्याच्या ओढीने एक मुलगी लपून बसते. इंधन अगदी मोजके आहे. तिच्या वजनासह यान सुखरूप उतरू शकत नाही, आणि शेवटी तिला यानाबाहेर जावे लागते. अद्भुतकथेत कोणी देवदूत आला असता.

मराठीतही या साहित्याने हा हेतू लपवला नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेने या प्रकाराला घर मिळवून दिले. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा त्या स्पर्धेला पाठवली ती स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे प्रसिद्ध शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षक दबून जाऊ नयेत. तिला पहिला क्रमांक मिळाला. विज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचावे ही त्यांची तळमळ होती आणि कथेतले विज्ञान चोख असावे असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली लिहिली होती. हे सारे दुय्यम ठरवायचे काय?

अभ्यासकांतही डार्को सुविन यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेची ओळख अशी सांगितली की ती वाचकाला परिचित जग परके करून दाखवते, पण तर्काच्या वाटेने. केवळ परकेपणा त्यांना पुरेसा वाटला नाही आणि अद्भुतकथेला त्यांनी या चौकटीबाहेर ठेवले.

अनुस्वार

धूमकेतू यांनी नारळीकरांचा विषय काढला ते बरे झाले, कारण माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत पोहोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य अजून चालू आहे. पुण्याहून येताना वाटेत सरहद्द लागते. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते इतिहासाचे खंड आणि बखर चाळत जातात आणि फाटा कुठे फुटला ते त्यांना सापडते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी या दुसऱ्या जगात कानाला चाटून गेली, सैन्याचा धीर सुटला नाही आणि मराठे जिंकले.

आता कथेच्या अखेरीस राजेंद्र देशपांडे हे मित्र पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकशास्त्राच्या) आधारे घडल्या प्रकाराचा उलगडा करतात. तो उलगडा चोख आहे, हे मान्य. पण तो काढून त्या जागी एखादा शाप किंवा यक्षाचा खेळ घातला तर कथेचे नेमके काय बिघडते? गंगाधरपंत बखरीचे ते पान वाचतात तेव्हा मराठी वाचकाच्या छातीत जे होते ते तसेच होईल. पानिपत आपल्या बोलीत मुरलेले आहे. आपण साध्या फजितीलाही ‘पानिपत झाले’ म्हणतो. एवढ्या पिढ्यांनी सोसलेला पराभव तिळभर अंतरावर उभा होता, हे त्या पानावर दिसते, आणि त्याच वेळी तो टळला असता तरी मुंबई परक्यांकडेच राहिली असती, हेही दिसते. कथा इच्छापूर्तीवर थांबत नाही, हे तिचे मोठेपण. तिथे विज्ञान आहे ते वाचकाचा हात धरायला. त्याला आत नेतो तो बखरीचा कागद.

सहृदय

चर्चा पाश्चात्त्य नावांभोवती फिरते आहे, म्हणून एक जुना आणि नेमका संदर्भ पुढे ठेवतो. आपल्या काव्यशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळातली स्थिर भावना. म्हणजे अशक्य गोष्टींचे वर्णन हा साहित्याचा अपराध कधीच मानला गेला नाही. तक्रार होती ती औचित्याविषयी. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या उद्द्योतात (प्रकरणात) म्हटले आहे, ‘अनौचित्यादृते नान्यद्रसभङ्गस्य कारणम्’, म्हणजे अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरे कारण नाही. याच ठिकाणी तो एक उदाहरण घेतो. केवळ मानव असलेल्या राजाने सात समुद्र उल्लंघल्याचे वर्णन कितीही सुंदर असले तरी नीरस होते. त्यावर शंका काढली जाते: पण सातवाहनासारखे राजे नागलोकात गेल्याच्या कथा ऐकू येतातच ना? उत्तर असे की त्या राजांविषयी जेवढे प्रसिद्ध आहे तेवढे वर्णन शोभते. परंतु कवीने स्वतः रचलेल्या आणि निव्वळ मानवी पात्रांवर उभारलेल्या कथेत दिव्य सामर्थ्य जोडू नये. पांडवांसारख्या, दिव्य आणि मानुष यांचे मिश्रण असलेल्या पात्रांच्या बाबतीत दोन्ही चालते.

यात ‘शक्य काय आहे’ हा प्रश्नच नाही, हे लक्षात घ्यावे. या कथेने वाचकाशी कोणता करार केला आहे आणि तो पाळला आहे काय, एवढाच प्रश्न आहे. पैठणच्या ज्या सातवाहनाचे नाव आनंदवर्धन घेतो त्याच्याच दरबाराशी गुणाढ्याच्या बृहत्कथेची आख्यायिका जोडलेली आहे, आणि सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त त्या परंपरेतल्या उडत्या विद्याधरांच्या गोष्टी आजही वाचता येतात. त्या गोष्टींत विद्याधर उडतात आणि व्यापाऱ्याचा मुलगा उडत नाही. त्याला उडायचे तर विद्या मिळवावी लागते आणि नियम मोडला तर ती जाते. धूमकेतू यांना अपेक्षित असलेला काटेकोरपणा तो हाच, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे.

मृण्मयी

सहृदय यांच्या प्रतिसादानंतर ‘द कोल्ड इक्वेशन्स’कडे पुन्हा पाहावेसे वाटते. ती कथा मी निसर्गनियमाचा धडा म्हणून वाचूच शकत नाही. इंधन थेंबाथेंबाने मोजून द्यायचे, जादा काही ठेवायचे नाही, निघण्यापूर्वी यानाचे कपाट कोणी उघडून पाहायचे नाही आणि आत शिरल्यास मृत्यू ओढवेल असे दारावर स्पष्ट लिहायचे नाही, हे सगळे निर्णय माणसांचे आहेत. लेखकाने आधी कारभार निर्दय रचला आणि शेवटी दोष समीकरणांवर टाकला. कथेच्या जन्माची हकीकतही प्रसिद्ध आहे: गॉडविन त्या मुलीला वाचवण्याच्या युक्त्या शोधत राहिले आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत राहिले. म्हणजे ती मुलगी गुरुत्वाकर्षणाने मेली नाही, संपादकाच्या आग्रहाने मेली. विज्ञानाचा मुखवटा घातलेली ही निवड आहे, आणि असा मुखवटा मला मंत्रापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो, कारण मंत्रावर कोणी शास्त्र म्हणून विश्वास ठेवत नाही.

पलायनाच्या आरोपाविषयीही लिहिते, कारण तो अजून कोणी काढला नसला तरी निघणारच. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले होते. त्यात त्यांनी तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा सैनिक यांतला फरक दाखवला आणि टीकाकार या दोघांची गल्लत करतात असे म्हटले. त्याच व्याख्यानातला दुसरा मुद्दा मला याहून मोलाचा वाटतो: अद्भुतकथा वाचून परतल्यावर झाड, दगड, भाकरी या रोजच्या वस्तू पुन्हा नव्याने दिसतात. सवयीने त्यांच्यावर चढलेला मळ निघतो. सहृदय यांचा विस्मय तो हाच ना?

रोखठोक

चर्चा विद्वत्तापूर्ण चालली आहे, पण एक कडवट प्रश्न विचारतो. ज्या काळात मराठीत विज्ञानकथा बहरत होती त्याच काळाच्या आसपास बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) आले. तिथे लेखकांना जगाचा एकही नियम बदलावा लागला नाही. जग आहे तसे मांडले आणि वाचक हादरला. गृहीत गोष्टी उघड्या पाडण्यासाठी परग्रहावर जाण्याची गरज त्यालाच भासते, ज्याने शेजारची वस्ती पाहिलेली नसते. पोट भरलेल्यांनी केलेला हा बुद्धीचा व्यायाम आहे, असे कोणी म्हटले तर तुमच्यापैकी कोण काय उत्तर देणार? आणि त्या कैद्याची गोष्ट पुरे झाली. कैद्याने गोष्टी वाचल्याने तुरुंगाची भिंत पडत नाही.

मृण्मयी

रोखठोक, भिंत पडत नाही हे खरे. बागुलांच्या कथेनेही पडली नाही. तरी तुम्ही ती कथा व्यर्थ मानत नाही. साहित्याकडून गवंडीकामाची अपेक्षा दोघांपैकी एकाकडूनच करणे न्याय्य नव्हे.

आता मुद्द्याचे. हे साहित्य पोट भरलेल्यांचे आहे, हा समज दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीत १९७६ सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय तरुणी वारंवार मेरीलँडमधल्या गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. ती का ओढली जाते याचे कोणतेही वैज्ञानिक स्पष्टीकरण पुस्तकात नाही. नियम मात्र पक्का आहे: त्या काळातल्या एका गोऱ्या मुलाचा जीव धोक्यात आला की ती तिकडे जाते, आणि तिचा स्वतःचा जीव जातो असे तिला वाटले की परत येते. तो मुलगा तिचाच पूर्वज आहे, पुढे गुलामांचा मालक होणारा. तो जगला नाही तर तिच्या घराण्याचा जन्मच होणार नाही. म्हणजे स्वतःच्या अस्तित्वासाठी तिला एका जुलमी माणसाला पुन्हा पुन्हा वाचवावे लागते. शेवटच्या खेपेत परतताना तिचा डावा हात मागे राहतो. गुलामगिरीचे वास्तववादी वर्णन इतरत्रही मिळते. पण आज सुखवस्तू दिसणाऱ्या माणसाचे शरीर त्या काळाशी कसे जखडलेले आहे, हे मला अन्य मार्गाने इतके स्पष्ट दिसले नसते. त्यासाठी एक नियम मोडावाच लागला.

दुसरे उदाहरण घरच्या जवळचे आहे. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापली. तिथल्या देशात पुरुष पडद्यात असतात, स्त्रिया राज्य करतात, आणि शत्रूला सूर्याची उष्णता एकवटून परतवून लावतात. जिला स्वतःला पडद्यात वाढावे लागले तिने हे लिहिले आहे. पडदा ही निसर्गाची नव्हे तर माणसांची व्यवस्था आहे, हे सांगायला तिने व्यवस्था नुसती उलटी केली, आणि प्रत्येक वाक्य हसवता हसवता बोचू लागले.

धूमकेतू

मृण्मयी यांनी त्या यानकथेचे केलेले वाचन मला पटले नसले तरी ते सहज बाजूला सारता येणार नाही. कपाट न तपासणाऱ्या यंत्रणेला मी भौतिकशास्त्राच्या पदराआड लपवू शकत नाही, एवढे कबूल करतो. ‘किंड्रेड’मधला नियम पक्का आहे हेही खरे.

मराठीबद्दल मात्र माझी वेगळी खंत आहे. प्रबोधनाचा हेतू वाईट नव्हता. पण त्यातून एक साचा तयार झाला. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, त्याला प्रश्न विचारणारा भाबडा मित्र किंवा पत्नी, आणि मग दोन पाने व्याख्यान. या साच्यातल्या कथेत देव एकच असतो आणि तो पांढरा कोट घालतो. याउलट जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली बंगालीत ‘निरुद्देशेर काहिनी’ लिहिली ती केसांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या कथास्पर्धेत. कोलकात्यावर येणारे भयंकर वादळ अचानक बेपत्ता होते, वेधशाळा बुचकळ्यात पडतात, आणि अखेरीस कळते की समुद्रात ओतलेल्या तेलाच्या बाटलीने लाटा शांत झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने विज्ञानाची थट्टा करत लिहिलेली ही गोष्ट आहे, आणि तेलाने पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो हे तत्त्व वाचकाच्या डोक्यात व्याख्यानाविनाच बसते.

सहृदय

व्याख्यानाचा सोस नसलेली एक परंपरा मराठीत होतीच, फक्त आपण तिला या कपाटात ठेवत नाही. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत, गूढ आणि भय यांना वर्षानुवर्षे हक्काची जागा दिली. नारायण धारपांचा वाचकवर्ग त्याच मातीतला. आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांना ना ओळखीचा देश आहे ना काळ. समीक्षकांनी त्यांना रूपककथा, नियतीकथा अशी भारदस्त नावे दिली. त्यांना अद्भुतकथा म्हटले असते तर प्रतिष्ठा कमी झाली असती, अशी भीती असावी. वस्तुतः त्या कथांमधले कोडे सोडवून त्याचा ‘अर्थ’ काढायला बसणे हाच मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. त्या जगात आधी राहावे, अर्थाची घाई करू नये.

रोखठोक

मृण्मयी, ‘किंड्रेड’चे उदाहरण मान्य. तुमच्या युक्तिवादात मला नाकारता येईल असे फारसे काही उरलेले नाही. पण मग प्रश्न आपल्यावरच उलटतो. माझ्या वाचनातल्या मराठी विज्ञानकथांमध्ये माणूस मंगळावर पोहोचतो आणि तिथेही त्याचे आडनाव ठरावीक चार-पाच आडनावांपैकीच असते. नियम बदलायचाच तर एक मी सुचवतो, हवा त्याने लिहावा. एका गावात एके सकाळी कोणालाच कोणाचे आडनाव आठवत नाही, स्वतःचेही नाही. बाकी सगळे जिथल्या तिथे आहे.

धूमकेतू

कल्पना उत्तम आहे, पण करार आधी स्पष्ट करावा. सातबारा, शाळेचा दाखला, शिधापत्रिका यांवर आडनावे राहतात की तीही पुसली जातात? राहत असतील तर तलाठी दुपारपर्यंत सगळे पूर्ववत करील आणि कथा तिथेच संपेल.

रोखठोक

कागदावर अक्षरे राहतात, वाचताही येतात. फक्त ते आडनाव ऐकून समोरच्याला कुठे बसवायचे, पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचे, हे कोणाला उमगत नाही. अक्षरांमागचे ज्ञान तेवढे गेलेले आहे. माझा अंदाज असा की संध्याकाळच्या आत गाव दुसऱ्या खुणा शोधून काढेल. आधी तुमचे घर कोणत्या आळीत विचारतील, मग मामाचे गाव कोणते, मग कुलदैवत कोणते, मग घरात सणाला काय शिजते. कथा त्या प्रश्नांच्या क्रमाची आहे, आणि त्यात एका माणसाला, ज्याने आयुष्यभर आडनाव लपवले होते, त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी काही विचारत नाही तो एक तास मधोमध येतो. तो किती लांबवायचा, हे लिहिणाऱ्याने ठरवावे.

मृण्मयी

तो तास आधी लिहून पाहते. खेप जमली तर याच धाग्यावर टाकीन. सहृदय यांनी औचित्य तपासावे, आणि कपाटे कोणी उघडली नाहीत ते धूमकेतू यांनी.